दादरला मुक्काम कुठे करावा? कामानुसार बाजू, इतिहासानुसार गल्ली

मुंबईत दोन-चार दिवसांचं काम निघालं की बाहेरगावच्या मराठी माणसाच्या तोंडी पहिलं नाव येतं ते दादरचं. पश्चिम आणि मध्य रेल्वे इथे गळाभेट घेतात, पुण्याची शिवनेरी इथून सुटते, सावंतवाडीची तुतारी एक्सप्रेस इथूनच निघते, आणि थालीपिठापासून सुरमईच्या ताटापर्यंत आपलं जेवण पायी जाण्याच्या अंतरावर मिळतं. पण नुसतं ‘दादरला उतरतोय’ म्हणून भागत नाही. रुळांच्या अलीकडचं दादर वेगळं, पलीकडचं वेगळं, आणि दोन्हीकडचा एकेक पट्टा निरनिराळ्या काळात, निरनिराळ्या कारणाने वसलेला आहे. लॉज कुठे सापडतील, रात्री झोप कुठे लागेल, पावसात पाणी कुठे तुंबेल, हे त्या वसण्यावरून बरंचसं ओळखता येतं. म्हणून मुक्कामाची माहिती आणि इतिहास इथे एकत्रच सांगतो.

आधी काम ठरवा, मग बाजू

खोली शोधायला बसण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: दिवसातून दोनदा मला नक्की कुठे जायचंय? उत्तर टाटा, केईएम किंवा वाडिया रुग्णालय असेल तर दादर पूर्व, आणि तीही टीटीच्या, म्हणजे खोदादाद सर्कलच्या, दक्षिणेची बाजू. सिद्धिविनायक, शिवाजी पार्क, चैत्यभूमी, नाटक किंवा रानडे रोडवरची लग्नाची खरेदी असेल तर पश्चिम. पहाटेची गाडी किंवा पुण्याची बस पकडायची असेल तर पूर्वेला, स्टेशन आणि टीटी यांच्या मधे.

‘पूर्व काय नि पश्चिम काय, पूल ओलांडला की झालं’ असं नकाशा पाहून वाटतं. प्रत्यक्षात संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात टॅक्सीने टिळक पूल ओलांडायला बराच वेळ जातो. प्रभादेवीचा जुना एल्फिन्स्टन पूल २०२५ च्या सप्टेंबरात पाडण्यासाठी बंद केल्यापासून या पुलावरचा भार आणखी वाढला आहे. सामान नसेल तर रेल्वेच्या पादचारी पुलावरून चालत जाणं केव्हाही लवकरचं. पेशंट बरोबर असेल, आई-वडील वयस्कर असतील, तर कामाच्या बाजूलाच राहा. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

स्टेशनवर उतरल्यावर

९ डिसेंबर २०२३ पासून दादरच्या फलाटांना सलग क्रमांक आहेत. पश्चिम रेल्वेचे १ ते ७, मध्य रेल्वेचे ८ ते १४. त्याआधी दोन्ही रेल्वेंचे आकडे वेगवेगळे एकपासून सुरू व्हायचे आणि नवखा माणूस हमखास चुकीच्या एक नंबरवर उभा राहायचा. जुने प्रवासी अजूनही ‘सेंट्रलचा एक नंबर’ म्हणतात, तो आताचा आठ. लक्षात ठेवायला सोपं: एक नंबरकडून बाहेर पडलात की पश्चिम, फुलबाजार समोर. चौदाकडून बाहेर पडलात की पूर्व, स्वामिनारायण मंदिराची बाजू.

विमानाने येणाऱ्यांसाठी गेल्या काही काळात मोठी सोय झाली आहे. मेट्रो ३ मे २०२५ मध्ये दादरपर्यंत आणि पुढे वरळीपर्यंत आली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडपर्यंत पोचली. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलना या मार्गावर स्थानकं आहेत, त्यामुळे गाडी न बदलता दादरला उतरता येतं. फक्त हे मेट्रो स्थानक पश्चिमेला, सेनाभवन आणि गोखले रोडच्या बाजूला आहे. रेल्वे स्टेशनला ते चिकटलेलं नाही, मधे चालावं लागतं. मुक्काम पूर्वेला असेल तर हे धरून चाला. सिद्धिविनायकाला पुढचं स्वतंत्र मेट्रो स्थानक आहे.

रविवारी प्रवास असेल तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघा. आणि मुंबईची सवय नसेल तर सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ मोठ्या बॅगा घेऊन लोकलमध्ये चढायचा विचारच करू नका.

पूर्व: प्लेगनंतर आखलेलं दादर

१८९६ साली मांडवीच्या दाट वस्तीत प्लेग शिरला आणि मुंबई हादरली. लोक शहर सोडून पळाले. कोंदट, बिनउजेडाच्या वस्त्यांवर उपाय म्हणून १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, म्हणजे बीआयटीची, स्थापना झाली. त्या ट्रस्टने दादर, माटुंगा, वडाळा, शीव या शेतं आणि वाड्यांच्या प्रदेशात रुंद रस्ते, मोकळ्या जागा, बागा आणि बेताच्या उंचीची घरं अशी वसाहत आखली. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी त्यातूनच उभ्या राहिल्या. पारशी कॉलनीमागे मंचेरजी जोशी यांची चिकाटी होती. आपल्या समाजातल्या मध्यमवर्गाला परवडतील अशी घरं मिळावीत म्हणून ते झटले, आणि तिथल्या पाच बागांना, फाइव्ह गार्डन्सना, त्यांचंच नाव आहे.

मुक्कामाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. या कॉलन्या राहणाऱ्या कुटुंबांसाठी आखल्या गेल्या, उतारूंसाठी नाही. झाडांच्या सावलीतल्या त्या गल्ल्या पाहून इथेच खोली मिळाली तर, असं कुणालाही वाटेल, पण आत लॉज जवळपास नाहीतच. ज्या आहेत त्या कडेला: टीटी सर्कलभोवती, डॉ. आंबेडकर रोडवर, आणि स्टेशनकडून टीटीकडे येणाऱ्या रस्त्यांवर.

टीटी म्हणजे ट्रामचं टर्मिनस. अधिकृत नाव खोदादाद सर्कल, पण टॅक्सीवाल्याला टीटीच सांगा. ३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईतली शेवटची ट्राम बोरीबंदरहून निघून दादरला आली, आणि रुळांवरची ती वाहतूक कायमची थांबली. ट्राम गेली तरी वाहन बदलण्याचं ठिकाण हा टीटीचा स्वभाव गेला नाही. पुण्याच्या बसगाड्या आणि टॅक्सी याच परिसरातून सुटतात, आणि त्या येण्याजाण्यावर जगणारी हॉटेलं इथेच टिकली. जुनं, ओळखीचं नाव म्हणजे मिडटाऊन प्रीतम. ‘प्रीतमजवळ’ हा अर्ध्या दादरचा पत्ता आहे. मधल्या दराची आणखीही हॉटेलं इथे आणि नायगाव क्रॉस रोडच्या बाजूला मिळतात. रस्ता रात्रभर वाहता असतो, तेव्हा आंबेडकर रोडकडे खिडकी असलेली खोली घेऊ नका. मागच्या बाजूची मागा, उजेड थोडा कमी असला तरी.

टीटीवरून दक्षिणेला हिंदमाता आणि पुढे परळ. हिंदमाता कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे आणि पाणी तुंबण्यासाठीही. जमीनच सखल आहे. पालिकेने पाणी साठवायला भूमिगत टाक्या बांधल्यापासून पूर्वीइतका त्रास नाही, पण जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की इथली वाहतूक अजूनही कोलमडते. जून ते सप्टेंबरात या पट्ट्यात तळमजल्यावरची खोली टाळा.

रुग्णाबरोबर आलेल्यांसाठी

ही गोष्ट जरा थांबून सांगावीशी वाटते, कारण दादरला मुक्काम शोधणाऱ्यांत अशी माणसं फार असतात आणि त्यांचीच सगळ्यात जास्त फरफट होते. १९२६ साली सुरू झालेलं केईएम आणि १९४१ चं टाटा मेमोरियल, दोन्ही परळला, टीटीपासून दक्षिणेला टॅक्सीच्या थोड्या अंतरावर. उपचार महिनोन्‌महिने चालतात. लॉजचं भाडं भरत राहिलात तर औषधाचे पैसे खोलीत जातील.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिले एक-दोन दिवस लॉज घ्या, त्याहून जास्त नाही. नोंदणी झाल्याबरोबर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा आणि राहण्याची सोय हवी आहे असं स्पष्ट सांगा. कोणत्या संस्थेत जागा आहे, कुणाला कोणती कागदपत्रं लागतात, हे तिथे कळतं आणि लागेल ती चिठ्ठीही मिळते. दादर पूर्वेची संत गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातलगांसाठीच चालते. अंगात गोधडी आणि हातात खराटा घेऊन गावोगाव फिरलेल्या त्या माणसाने यात्रेकरूंसाठी, गरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या, आणि त्यांच्या नावाने आजही कुणाला डोक्यावर छप्पर मिळतं. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदनही आहे. दोन्हीकडे रांग असते. रुग्णाची फाईल, रुग्ण आणि सोबत्याचं आधार कार्ड आणि त्यांच्या झेरॉक्स घेऊन स्वतः जा. नाव नोंदवा, आणि दोन-तीन ठिकाणी एकदमच नोंदवा.

रुग्णालयाच्या दारात ‘स्वस्तात खोली देतो’ म्हणणाऱ्यांबरोबर जाऊ नका. जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय, पावती हातात पडल्याशिवाय कुणालाही आगाऊ पैसे देऊ नका.

पश्चिम: बाजार, रस्त्यांची नावं आणि मैदान

पश्चिमेला स्टेशनबाहेर पाय टाकला की बाजार सुरू. फुलं, भाज्या, कपडे, भांडी. इथल्या लॉज छोट्या, जुन्या इमारतींत, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर असतात. स्टेशन जवळ आणि भाडं आटोक्यात, हा फायदा. तोटा एवढाच की फुलबाजार सूर्य उगवायच्या आधी जागा होतो, आणि त्याबरोबर तुम्हीही. ज्यांना पहाटेच निघायचंय त्यांना हे सोयीचंच. लिफ्ट आहे का, हे मात्र फोनवरच विचारा.

स्टेशनकडून जसजसे समुद्राकडे जाल तसतशी गर्दी विरळ होते आणि मुक्कामाच्या जागाही. शिवाजी पार्कचा परिसर राहत्या घरांचा. हॉटेलं मोजकी, मिळाली तर महाग, पण सकाळ फार सुंदर. सिद्धिविनायकासाठी यायचं असेल तर प्रभादेवीच्या बाजूची हॉटेलं बघा, आणि सोमवारी रात्रीची खोली आधीच घेऊन ठेवा. मंगळवारी रांग मध्यरात्रीनंतरच लागायला सुरुवात होते. आजचं भव्य मंदिर अलीकडचं. मूळ देऊळ लक्ष्मण विठू आणि देऊबाई पाटील यांनी बांधलं आणि १९ नोव्हेंबर १८०१ ला तिथे प्रतिष्ठापना झाली.

पश्चिमेचे रस्ते वाचत चालायचे असतात. रानडे, गोखले, केळकर, सेनापती बापट: महाराष्ट्राचं सार्वजनिक जीवन चौकाचौकात पाटीवर लिहिलेलं आहे. यातलं सगळ्यात दुर्लक्षित नाव एस. के. बोले. सिद्धिविनायकाला जाणारे हजारो लोक त्यांच्या रस्त्यावरून चालतात आणि ते कोण हे बहुतेकांना ठाऊक नसतं. सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबई विधिमंडळात ठराव आणला, की सार्वजनिक पैशांवर चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. तो मंजूर झाला. त्या ठरावाला धरून महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, आणि ते कागदावरच राहिलं म्हणून १९२७ चा सत्याग्रह झाला. चवदार तळ्याच्या इतिहासाचा एक धागा असा दादरच्या रस्त्यावर आहे. पाटीपाशी मिनिटभर थांबायला हरकत नाही.

एका दिवसाची पायपीट

काम एका दिवसाने लांबलं, तारीख पुढे गेली, डॉक्टर उद्या भेटणार, असं होतंच. त्या मोकळ्या दिवसासाठी हा मार्ग.

सकाळी साडेसहाच्या आत फुलबाजारात या. झेंडू, शेवंती, गुलछडी टोपल्यांनी उतरत असते. मालवाल्यांच्या वाटेत उभे राहू नका, कडेने बघा. तिथून रानडे रोडने सरळ चालत शिवाजी पार्क गाठा. हे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा नाव माहीम पार्क होतं. शिवजयंतीच्या त्रिशताब्दीनिमित्त १९२७ मध्ये महाराजांचं नाव दिलं गेलं, आणि त्यासाठी नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी पुढाकार घेतला. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथे गाजल्या. शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा ३० ऑक्टोबर १९६६ ला इथेच झाला. आणि याच मातीत रमाकांत आचरेकरांनी पोरांना क्रिकेट शिकवलं, त्यात सचिन तेंडुलकर होता. मैदानाभोवतीच्या कट्ट्यावरून एक फेरी साधारण सव्वा किलोमीटरची होते. सकाळी सातला त्या कट्ट्यावर बसून नेट्समध्ये घाम गाळणारी आठ-दहा वर्षांची मुलं बघावीत.

मैदानापासून समुद्राकडे गेलं की चैत्यभूमी. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत झालं आणि ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. आजचा स्तूप १९७१ सालचा. आत चप्पल काढून, शांतपणे जा. इतर दिवशी गर्दी फारशी नसते.

परत स्टेशनकडे या, पादचारी पुलाने पूर्वेला उतरा आणि हिंदू कॉलनीत बाबासाहेबांचं घर, राजगृह, बघा. या दोन जागा एकाच दिवशी, याच क्रमाने पाहाव्यात असं माझं मत आहे. बाबासाहेब १९१२ ते १९३४ परळच्या बीआयटी चाळीत, ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत राहत होते. ती चाळ ज्या ट्रस्टने गिरणी कामगारांसारख्या कष्टकऱ्यांसाठी बांधली, त्याच ट्रस्टने आखलेल्या कॉलनीत त्यांनी स्वतःचं घर बांधलं, आणि ते मुख्यतः पुस्तकांसाठी बांधलं. हजारो ग्रंथ ठेवायला जागा हवी होती. परळच्या दोन खोल्या ते राजगृह हे अंतर पायी जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे. मधे किती मोठं आयुष्य आहे, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. राजगृहात कुटुंबाचं वास्तव्यही आहे, तेव्हा संग्रहालयाचा भाग कधी खुला आहे ते विचारून जा आणि आवाज कमी ठेवा.

पाय अजून चालत असतील तर आंबेडकर रोड ओलांडून फाइव्ह गार्डन्समध्ये झाडांखाली बसा. वाचणारे असाल तर नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. संस्था १८९८ ची, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मला त्याच वर्षीची. सिनेमावेड्यांनी स्टेशनकडून दक्षिणेला जाणाऱ्या दादासाहेब फाळके रोडवर फेरी मारावी. तेव्हा त्याला दादर मेन रोड म्हणत. ३ मे १९१३ ला प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’चे सेट फाळक्यांनी याच रस्त्यावर उभारले. आज तिथे बघण्यासारखं काही उरलेलं नाही. दुकानं, वाहनं आणि एक पाटी. तरीही त्या रस्त्यावरून चालताना मला दर वेळी अभिमान वाटतो.

संध्याकाळ पश्चिमेला. १९६५ साली उघडलेल्या शिवाजी मंदिरात कोणता प्रयोग लागलाय ते सकाळीच बघून तिकीट काढून ठेवा. शेजारच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात मराठी प्रायोगिक रंगभूमी घडली. त्या गल्लीत आता बटाटेवड्याचा वास असतो, आणि श्रीकृष्णचा वडा खरोखर चांगला आहे. वडापावही दादरचाच. अशोक वैद्य यांनी १९६६ च्या सुमारास स्टेशनबाहेर तो विकायला सुरुवात केली असं सांगतात. जेवायला शाकाहारी असाल तर प्रकाश किंवा आस्वाद. साबुदाणावडा, मिसळ, वर पियूष. मासे हवे तर गोमांतक किंवा सिंधुदुर्ग. शनिवार-रविवारी दुपारी एकनंतर सगळीकडे उभं राहावं लागतं, म्हणून बाराला जा.

खोली घेताना विचारायच्या गोष्टी

हिशेब चोवीस तासांचा की दुपारी बाराचा, हे आधी विचारा. रात्री अकराला पोचून दुसऱ्या दिवशी बाराला बाहेर पडावं लागलं तर अर्धे पैसे वाया. जादा गादीचे किती, चहा-पाणी वरती येतं का, गरम पाणी किती ते किती, न्हाणीघर आत की बाहेर. सांगितलेल्या भाड्यात जीएसटी धरलाय का तेही विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो ५ टक्के आहे. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र लागतं, फोनमधला फोटो काही ठिकाणी चालत नाही. एकटी बाई किंवा लग्न न झालेलं जोडपं असेल तर काही लॉजवाले दारातून परत पाठवतात. रात्री सामानासकट वाद घालण्यापेक्षा आधी फोनवर स्पष्ट विचारून घ्या.

तारखा सांभाळा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात महापरिनिर्वाण दिनासाठी देशभरातून लाखो लोक येतात. दुसऱ्या कामासाठी येणार असाल तर आठवडा पुढे ढकला. अभिवादनासाठीच येणार असाल तर शिवाजी पार्कवर पालिका मंडप, पाणी, वैद्यकीय कक्ष उभारते, आणि पुस्तकांचे स्टॉल बघायला एक मोकळी दुपार हाताशी ठेवा. गणपती, दसरा आणि दिवाळीआधीचे शनिवार-रविवार पश्चिमेला रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते.

निघण्याच्या दिवशी तुतारीचं तिकीट असेल तर एक गोष्ट पक्की बघा. ती मध्यरात्रीच्या सुमारास सुटते, त्यामुळे तिकिटावरची तारीख बारानंतरची आहे की आधीची, हे नीट वाचूनच खोली कधी सोडायची ते ठरवा. पुण्याला जाणार असाल तर शुक्रवार संध्याकाळ सोडा. शनिवारी सकाळी सातच्या आत टीटीवर पोचलात तर जागाही मिळते आणि घाटही मोकळा.